या दुरुस्तीखाली माझं नाव नाही

"हॅलो? … हो ताई, बोल. … घरी सगळे बरे ना? … मग आत्ता कसा फोन? … अच्छा! साहेबांनी तुला मध्ये घातलं! का, त्यांची वाचा बसली?"

ताई धाकट्या बहिणीच्याच कंपनीत पगार विभागात होती. हिची नोकरीही तिनेच शब्द टाकून लावलेली. साहेबांनी नेमकी तीच नस दाबली.

"नाही, त्यांच्या दुरुस्तीवर सही नाही करणार. … अगं ऐक ना! कर्नेल म्हणजे संगणकाच्या सिस्टीमचा गाभा, दारावरचा वॉचमन समज. आत कोण कुणाशी बोलतंय, नोंद ठेवतो. बरं? गर्दी वाढली म्हणून आपण शेजारी दुसरं दार काढलं, नेटवर्क कार्डातून. आता सगळी ये-जा तिकडून. आणि हा बाबा म्हणतो, माझ्यासमोरून कधीचं कुणी गेलं नाही, म्हणजे बोलणं संपलं. ठोक कुलूप! … हो, हो… चालू फोन तुटतो. रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूमचे फोन गं ते! माणूस पत्ता सांगतोय, आणि मध्येच गप्प!

"साहेबांचा उपाय? कुलूप दिवसभर थांबून लाव म्हणे. … वाईट काय म्हणजे? संपलेल्या फोनच्या नोंदी दिवसभर जागा अडवून बसणार. जागा भरली की नवा फोन लागतच नाही! … मी काय केलं? वॉचमनला सांगितलं, कुलूप लावण्याआधी दुसऱ्या दाराला विचार, तुझ्याकडून कुणी गेलं का. बस, एवढंच. … चाचणी पास झाली? कशी झाली ते विचार! कार्डाचं दार बंद ठेवून घेतली, मग सगळे वॉचमनसमोरूनच जाणार ना, दिवटे कुठले! … हसू नकोस गं."

समोर पडद्यावर साहेबांची प्रोग्रॅममधली दुरुस्ती उघडी होती. या कामात दुरुस्तीखाली नाव लागतं, आणि एकदा लागलं की कायमचं राहतं. तिच्या नावाची ओळ अजून कोरी होती.

"साहेब तिथेच बसलेत? दे त्यांना. … अगं दे! तुझी मान मी नाही खाली घालायला लावत, ते लावतायत.

"बोला सर. … नाही. … नाही म्हटलं ना. … दुसऱ्याकडून करून घ्या, खुशाल! नाव त्याचं लावा. माझी दुरुस्ती मी सकाळीच इंटरनेटवर सगळ्यांसमोर खुली टाकलीय. … मागे? कशी घेणार? जगभरच्या लोकांच्या हातात गेली ती. … ताईच्या नोकरीवर घसरू नका! भांडण माझ्याशी आहे ना? … घाई? घाई मलाही आहे.

"बरं, एक करा. कंट्रोल रूमच्या मुख्य बाईंना फोन लावा. सांगा, आता फोन मध्येच तुटणार नाहीत, मुळात लागणारच नाहीत. … घ्या ना, नंबर देते. … सर? … नंतर बघू म्हणता?

"ठीक आहे. मीच लावते. ठेवा."