म्हसोबाचा शेंदूर

विलायतेहून आयुष्यात एकच भेट आली हो, आणि तीही माझ्यासाठी नव्हती. मी भोरला व्यापाऱ्यांच्या वह्या आणि जकातीचे कागद लिहायचो. संस्थान विलीन झालं, नाके उठले आणि माझं निम्मं काम गेलं. तेवढ्यात गुंजवण्याच्या नथूबा धनगराचा हिरडा मुंबईमार्गे विलायतेला जाऊ लागला, कातडी कमवायला. म्हटलं, इंग्रजी बिलं मी लिहितो. लिहिलं, पण वहीच्या सवयीनं वर 'श्री म्हसोबा प्रसन्न' हेही इंग्रजीत लिहून बसलो!

माल घेणाऱ्या विलायतेच्या साहेबाचं पत्र आलं. मी नथूबाला मराठीत सांगितलं, "ते म्हणतात, बिलावर पहिलं नाव असलेले तुमचे थोरले भागीदार मिस्टर प्रसन्न यांची सही नाही. सहीशिवाय माल घेणार नाही."

देवाची सही आणू कुठून?

नथूबा म्हणाला, "आंगठा चालंल का?"

"चालेल. पण कुणाचा?"

तो बिल घेऊन थेट म्हसोबाच्या दगडापाशी गेला. तिथल्या शेंदरात स्वतःचा अंगठा बुडवून कागदावर उठवला. "शेंदूर त्येचाच हाय. ह्यात खोटं काय?"

माल गेला. नाताळात पार्सल आलं, 'मिस्टर प्रसन्न यांस सप्रेम'. आत रेशमी टाय!

मी हळूच गळ्याशी लावून पाहिला. नथूबानं तो ओढून घेतला आणि म्हसोबाला नेऊन बांधला.

"अण्णा, शेंदूर काय तुमचा व्हता?"