पाच ते सहा लिफ्ट बंद

...बरं, अख्ख्या शहरात लिफ्ट दुरुस्त करणारे आम्ही काय दोघंच उरलो होतो का? पण नाही, कामाचा कागद आला तो आमच्याच हातात, आणि त्यावर पत्ता कुणाचा, तर धाकट्याच्या स्वतःच्या इमारतीचा. तुम्हाला सांगतो, या धंद्यात अठरा वर्षं झाली, लिफ्टमध्ये माणसं अडकलेली पाहिली, कुत्री अडकलेली पाहिली, एकदा तर कपाट अडकलं होतं आणि कपाटामागे कपाटाचा मालक... पण आपल्याच पोरीला बाहेर ठेवायला बापानं लिफ्टला कुलूप बसवायचं, हे पहिल्यांदाच पाहिलं. आणि त्या अर्जावर पहिली सही कुणाची? दादाची. धाकट्याच्या सख्ख्या मोठ्या भावाची. आता दादा वाईट माणूस आहे का? अजिबात नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे तुमचा गैरसमज होईल.

धाकटा म्हणजे माझा कामावरचा जोडीदार. एकच कंपनी, एकच स्कूटर, तो पुढे आणि मी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन मागे. तो राहतो दुसऱ्या मजल्यावर, दादा पाचव्यावर. दादा सोसायटीच्या समितीवर, त्यामुळे तो साऱ्या इमारतीचा दादा आणि हा साऱ्या इमारतीचा धाकटा. त्याची मुलगी चिमी, नऊ वर्षांची. तिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता. हा शब्द नुसता उच्चारला की लोक काय म्हणतात, माहितीये? "अहो, मग आमचे हेसुद्धा स्वमग्नच की, पेपर हातात असला की हाक ऐकू येत नाही." हसायचं. धाकटा सहा वर्षं हसतोय. कुणी म्हणालं, आई नोकरी करते म्हणून मुलीचं असं झालं. वहिनींनी, म्हणजे धाकट्याच्या बायकोनं, औषधांच्या दुकानातली चांगली नोकरी सोडली, तर तेच लोक म्हणाले, दिवसभर आईला चिकटून असते म्हणून झालं. आता बोला.

चिमीचं कसं आहे, आवाज तिला टोचतात. मिक्सर आपल्याला ऐकू येतो, तिला तो लागतो. शाळेतून येईपर्यंत हॉर्न, घंटा, बसमधला कलकलाट, सगळं तिच्या अंगात साठतं, आणि मग घरी येऊन स्वतःचं मनगट चावते, तासतास रडते, वहिनी नुसत्या शेजारी बसून राहतात, कारण हात लावलेलाही सोसत नाही. मग एक दिवस तिला शांत करणारी गोष्ट सापडली, आणि ती काय, तर लिफ्ट! बापाचाच धंदा. दार मिटलं की बाहेरचं जग मिटलं, एकसारखी घरघर, आणि आकडे ओळीनं येणार. तीननंतर सात कधी येत नाही. माणसांचा असा भरवसा देता येतो का? पाच वाजता आईबरोबर आत जायची, कोपऱ्यात उभी राहायची, वीस मिनिटं वर-खाली. कुणी आलं तर वहिनी दार धरायच्या, त्यांना त्यांच्या मजल्यावर सोडायच्या. वीस मिनिटांनी पोरगी घरी जाऊन दोन घास सुखानं खायची. वीस मिनिटं हो! तेवढा वेळ लोक लिफ्टचं दार पायानं अडवून गप्पा मारतात.

तर एक दिवस दादा खाली आला, चहा घेतला आणि म्हणाला, आपण इमारतीत ऑटिझमच्या जागृतीचा कार्यक्रम करू, लोकांना माहितीच नाही रे, चिमीचा एक छानसा फोटो दे. धाकट्याला काय वाटलं असेल? दादा आजवर त्या आजाराला, म्हणजे तो आजारही नव्हे, पण दादा त्याला 'तिचं ते' म्हणायचा. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यानंच सुचवलं होतं की चिमीला घरी ठेवा, तिलाच त्रास होईल. धाकटा एकटा जाऊन जेवून आला होता आणि वहिनी घरी बसल्या होत्या. तो दादा आज तो शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारत होता. धाकटा दुसऱ्या दिवशी स्कूटरवर मला तीनदा तेच सांगत होता, आणि तिन्ही वेळा सिग्नल तोडला. वहिनींनी अर्धा दिवस खपून फोटो निवडला. चिमी सहसा कॅमेऱ्याकडे बघत नाही, त्यात ती बघत होती. दादानं तो हातभर मोठा छापून आणला, वर लिहिलं 'समजून घेऊ, सामावून घेऊ', आणि लावला कुठे? लिफ्टमध्ये. तिथं सगळ्यांच्या नजरेस पडतो ना.

कार्यक्रम रविवारी. आणि शनिवारी सकाळी तो कागद. 'एका मुलीच्या सततच्या वापरामुळे रहिवाशांची गैरसोय होत असल्याने सायंकाळी पाच ते सहा लिफ्ट किल्लीशिवाय चालू नये. किल्ली वॉचमनकडे राहील.' सोबत अर्जाची प्रत, खाली अकरा सह्या. पहिली सही शेपटीवाली. ती शेपटी धाकटा झोपेतही ओळखेल, शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही तो दादाकडूनच करून घ्यायचा.

तो पाचव्या मजल्यावर गेला, मी मागोमाग. कागद दादापुढे ठेवला. दादा जराही गडबडला नाही. मनाला लावून घेऊ नकोस म्हणाला, दहा जण मागे लागले होते, नाही म्हटलं असतं तर घरच्यांची बाजू घेतो असं झालं असतं. आणि जागृती वेगळी, लिफ्ट वेगळी.

"मला विचारायचं तरी, दादा."

"तुला वाईट वाटलं असतं रे. म्हणूनच नाही विचारलं."

बघा. दादा वाईट माणूस आहे का? धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून बिचाऱ्यानं चोरून सही केली.

मी म्हटलं, तू घरी जा, मी बसवतो. तर म्हणाला, नको, तू वायरी घाईत बांधतोस, म्हातारीकोतारी माणसं वापरतात. आणि स्वतः बसवलं. बटणांच्या पट्टीला लागूनच तो फोटो. भोक पाडताना लोखंडाचा कीस चिमीच्या तोंडावर उडू नये म्हणून त्यानं एका हातानं रुमाल धरला होता. मी ड्रिल धरलं.

पाच वाजता चिमी आली. बटण दाबलं. दिवा लागला नाही. पुन्हा दाबलं. मग सगळी बटणं दाबली, एक-एक करून, क्रमानं... पुढचं मी सांगत नाही. वहिनींनी फक्त विचारलं, "कुणी बसवलं?" आणि हा म्हणाला, "मी." त्या चिमीशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी तळमजल्यावर खुर्च्या मांडलेल्या, पाहुणे डॉक्टर आलेले. दादा असा बोलला, असा बोलला, की दोन बायकांनी डोळ्याला पदर लावला. अशी मुलं आपलीच आहेत, त्यांच्या आईबापांना एकटं पाडू नका. मग म्हणाला, आता मुलीचे वडील दोन शब्द सांगतील. धाकटा उठला. आयुष्यात माइक धरला नाही त्यानं, पान्यासारखा धरला.

"काल मी आपल्या लिफ्टला कुलूप बसवलं," तो म्हणाला. "माझ्या मुलीसाठी. अर्जावर पहिली सही माझ्या दादाची आहे. तिचा फोटो लिफ्टमध्ये राहू शकतो, ती राहू शकत नाही. एवढंच सांगायचं होतं."

आणि मग टाळ्या! तुम्हाला सांगतो, कडाडून टाळ्या. पाहुणे डॉक्टर म्हणाले, फारच हृदयस्पर्शी. ज्या अकरा जणांनी सह्या केल्या होत्या, त्यातले नऊ जण टाळ्या वाजवत होते. उरलेल्या दोघांतला एक आलाच नव्हता, आणि एक दादा.

दादा भडकला तो नंतर, जिन्याशी. घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीस म्हणाला, तुझ्यासाठी मी एवढा कार्यक्रम केला आणि तू माझा विश्वासघात केलास. म्हणजे तोही यानंच केला. सोमवारी समितीची तातडीची बैठक झाली, धाकट्याच्या म्हणण्याची दखल घेतली गेली, लिफ्टमधल्या विसंगतीवर एकमतानं निर्णय झाला. काय निर्णय? फोटो काढला.

मग वहिनी चिमीला पाच वाजता जिन्यावर न्यायला लागल्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीवर मोठा तीनचा आकडा रंगवलाय, त्याच्यासमोर ती बसायची. कधी शांत व्हायची, बहुतेकदा नाही. एके दिवशी साडेपाचला दादा दोन पिशव्या घेऊन चढत आला. वॉचमन चहाला गेलेला, किल्ली त्याच्या खिशात, लिफ्ट सगळ्यांनाच बंद. तिसऱ्या मजल्यावर दादाचा दम संपला, तो चिमीच्या शेजारच्या पायरीवर टेकला. तिनं आकड्याकडे बघत म्हटलं, "तीन. मग चार. मग पाच. मोठे काका."

दादा बघतच राहिला. "ही बोलते?"

"बोलते," वहिनी म्हणाल्या. "थांबावं लागतं."

दादा थांबला, चांगला दहा मिनिटं. डोळे पुसले म्हणे त्यानं. रात्री धाकट्याचा मला फोन, आवाज इतका हलका की मला वाटलं पगार वाढला. म्हणाला, दादाला पाझर फुटला, आता बघ, तो स्वतः जाऊन समितीला अर्ज देतो की नाही.

आणि दिला हो! दुसऱ्याच दिवशी दिला, खरंच दिला, शेपटीवाल्या सहीनिशी. दादा वाईट माणूस नाही, मी म्हटलं नव्हतं का? काम आमच्याकडेच आलं. 'गुडघ्यांच्या त्रासामुळे पाचव्या मजल्याला लिफ्टची एक वेगळी किल्ली मिळावी.'

धाकट्यानं करून दिली. कानशीनं घासून, कडा बोटाला लागू नयेत म्हणून.