‘आयलोंच’

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. मार्गशीर्षातला गुरुवार, आभाळ मोकळं, वारा गार. डिचोलीत शेजारच्या सत्यभामाकाकीच्या ओसरीवर चहा घेताना पाद्रीबाब मला हिब्रू संदेष्ट्यांच्या ग्रंथांची रचना सांगत होते.

“आधी दटावणी, मग विलाप, शेवटी घरी परतणं. गंमत म्हणजे माणसं अजून परदेशात बंदिवासातच, आणि हे लिहितात, ‘परतले’!”

काकी म्हणाली, “त्यात कसली गंमत? माझो पूत बाबलो गेल्या वर्सा मुरगावाक बोटीर गेलो, तो दारातून ‘आयलोंच’ म्हणानच गेलो.”

“मग आयलो?” पाद्रीबाबांनी विचारलं.

“तुमचे ते आयले?”

“लिहिलं तेव्हा वाटच बघत होते, काकी.”

“मग माझोय आयलो म्हणून लिवा.”

आम्हा तिघांच्या पेल्यांशेजारी तिने चौथा पेला भरून झाकून ठेवला. संध्याकाळी मुरगावची बस आली. दोन माणसं उतरली. त्यांत बाबलो नव्हता.