सरांनी खोडलेली दोन पानं

जमलेल्या सगळ्यांना हात जोडते. केजची मंडळी हायती, आष्टीकडून सरांच्या गावची माणसं आलीत, आमची नांदूरघाटची मेंढरांमागची माणसं आज मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून आलीत. सरांच्या घरच्या, आपल्या काकू, समोरच बसल्यात. काकू, तुमच्याकडं बघितलं तर मला बोलता यायचं न्हाई. म्हणून मी जरा मागच्या रांगेकडं बघते. रागावू नका.

मी सुभद्रा. चौथी शिकलेली बाई. माझ्या आधी बोलले ते प्राध्यापक लोक. सोपान सर किती मोठे हिंदी कवी होते, त्यांची नाटकं कुठं कुठं झाली, ते त्यांनी सांगितलं. मी मला ठावं हाय तेवढंच सांगते. पण ते ठाम सांगते.

आमच्या गावात शाळेच्या मैदानावर सरांचं नाटक आलतं. हिंदी नाटक. आपल्याकडं बाजारात निम्मी बोली हिंदीच, कळायला काय अडचण? नाटक होतं मेंढरं राखणाऱ्या बाईचं. वाटंत तिची लहान लेक तापानं जाते. तर ती बाई जमिनीवर पडली, ऊर बडवला आणि लांबलचक कविता म्हणायला लागली. सगळ्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या. 

मी उभी राहिले. कशी राहिले, आजही सांगता येत न्हाई. म्हणाले, "खोटं हाय हे."

आमचे मालक पदर ओढायले. "खाली बस, लोक बघायलेत." मी बसले न्हाई.

सर पडद्यामागून पुढं आले. नाटक थांबवलं. कोण थांबवतं हो, भर गर्दीत आपलंच नाटक? म्हणाले, "बाई, मग खरं काय?"

मी सांगितलं. माझी लेक गेली तवा आमी दुसऱ्याच्या रानात होतो. तिला पुरलं आणि मेंढरं हाकली. थांबता येत न्हाई. मेंढरं पिकात शिरली तर ज्याचं रान तो काठी घेऊन येतो. मी रडले ती तिसऱ्या मुक्कामाला. एका कोकराची आई मेलती, त्याला बाटलीनं दूध पाजताना रडले.

 

दुसऱ्या दिवशी सर आमच्या दारात. हातात नाटकाची वही. माझ्यासमोर पेन काढलं आणि त्या कवितेची दोन्ही पानं आडवी खोडली. त्यांच्या संगं आलेला नट म्हणाला, "सर, ही तुमची सगळ्यात गाजलेली कविता." सर म्हणाले, "कविता चांगली आहे. पण ती माझी आहे, या बाईची नाही."

मग मला म्हणाले, "हे काम आता तुम्हीच करा."

घरात काय झालं असंल, तुमीच समजून घ्या. मालक म्हणाले, "आता नाटकात उभी राहणार व्हय?" सरांनी वाद घातला न्हाई. आठ दिवस येत राहिले. लोकरीची कातरणी चालू होती, सर मेंढरं धरू लागायचे. चष्मा सांभाळत, लाथा खात. आठव्या दिवशी मालक म्हणाले, "या माणसाला मेंढरू धरता येत न्हाई. पण सोडत बी न्हाई. जा तू."

मालक आज तिकडं कडंला उभे हायती. डोळे पुसायलेत. पुसू द्या.

पुढं ते नाटक हिंदी मुलखात, एका मोठ्या शहरात ठरलं. तिथला व्यवस्थापक तालमीला आला, माझं बोलणं ऐकलं आणि सरांना म्हणाला, या बाईची भाषा इथं कोण समजणार? हिंदी पाठ करून घ्या, नाहीतर दुसरी बाई घ्या. 

बघा, सरांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रयोग होता तो. किती वर्षं वाट बघितली असंल त्यांनी! मी म्हणाले, सर, घ्या दुसरी. सर म्हणाले, "सगळे हिंदी बोलतील. सुभद्राबाई तिच्या बोलीत बोलेल. जमत नसेल तर आमची पेटी बांधलेलीच आहे." आणि खरंच पेटी उचलली. दारापर्यंत गेलते. तवा तो माणूस मागं पळत आला.

प्रयोग झाला. मी नांदूरघाटची बोली बोलले. संपल्यावर एक म्हातारी वर आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बेटी, मैं सब समझ गई." 

लोक अजून विचारतात, सरांनी मराठीत कावून लिहिलं न्हाई? मी पण विचारलं होतं. सर म्हणाले, "मराठीत लिहायला बसलो की वडील समोर येऊन बसतात. ऊस तोडून हात सोलवटलेला माणूस. म्हणतात, हे काय काम हाय का बे? मग पेन चालत नाही. हिंदीत ते येत नाहीत." आणि सरांच्या पहिल्या पुस्तकात कविता कुणावर? सगळ्या त्याच वडिलांवर! मी हसले. सर पण हसले.

मागच्या महिन्यात काकूंचा निरोप आला, सर बोलावतात. मी गेले. सर अंथरुणात होते, आवाज पार बसलेला. उशाशी नव्या नाटकाची वही. म्हणाले, वाच. मला हिंदी वाचायला त्यांनीच शिकवलेलं, पण मी अडखळत वाचते. सरांनी डोळे मिटले. मी चुकले की त्यांचं बोट हलायचं. मी थांबायचे, तो शब्द परत वाचायचे. चहा तीनदा गार झाला. शेवटच्या पानावर बोट एकदाही हललं न्हाई. मी घाबरून वर बघितलं. 

सर माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "आता बरोबर."

एवढंच. मला त्यांनी सांगितलेला शेवटचा शब्द हाच.

ते नाटक आमी करणार हाय. काकूंनी वही माझ्या हातात दिली हाय, तालीम पण ठरली हाय. पण ते पुढचं. आता सगळे उभे राहू या. तोंडानं कुणी काही म्हणू नका. सरांना गप्प बसलेल्या माणसांचं पण ऐकू यायचं.