जागा मोकळी हाय

…आन म्हने, हाक मारायची न्हवती! आवं, तुमास्नी सांगतो, सारी जिंदगी उसात गेली माझी, शाळेची पायरी म्हाईत न्हाई, पन दुसऱ्याच्या रानात पाय टाकायच्या आदी बांधावर थांबून हाक मारायची, एवढं आईनं शिकवलं हुतं, कारन आत कोन बाईमानूस न्हात आसंल, कुत्रं सोडलेलं आसंल… आन नेमकं त्येच अंगलट आलं की!

झालं काय, पोरगं माझं शिवतेज, मिलिटरीत हाय, त्यानं फोनवर धोशा लावला, "आबा, रिकामं बसू नगा, एक प्लॉट घ्या, भाव वाढला की इकू आन सृष्टीला नर्सिंगला घालू." सृष्टी म्हंजे माझी नात, लय हुशार. म्हनलं, बरं बाबा. मग आष्ट्याचा बाळासो, जागांचा एजंट, पांढरा शर्ट, दोन मोबाईल, मला फटफटीवर घालून कवठे महांकाळच्या माळावर घिऊन गेला. वाटंत धंदा शिकवला, "आबा, कानात साठवा. घ्यायची, धरायची, इकायची! जागंवर जीव लावायचा न्हाई."

भर दुपार. चिटपाखरू न्हाई. फक्कीच्या पांढऱ्या रेघा, कोपऱ्याला दगड, मधी निस्ती कुसळं. बाळासो फोनवर बोलत पुढं गेला… आन म्या सवयीनं बांधावर थांबलो, म्हनलं, "हाय का कोन?"

"या की. बसा."

बाईचा आवाज. म्हातारा, पन गोड! आता बाभळ न्हाई, झुडूप न्हाई, बाई बसली कुठं? पन बाळासो वराडतोय, "या आबा, जागा मोकळी हाय, मोकळी!" म्हनलं, शेजारच्या रानातनं वाऱ्यानं आला आसंल… मानसाचं कसं आसतंय बघा, घ्यायचं ठरलं की सोताचं कान बी लबाड वाटत्यात! घेतली जागा.

भाव वाढला. सांगलीचं अजितकुमार शेट आन त्यांची मंडळी चंदनबाला, गोडाऊनला जागा बघाय आली. बाळासो म्हनला, "आबा, मालक तुमी, तुमीच दावा." आलो बांधापतुर… आन जीभ ऐकती व्हय?

"हाय का कोन?"

"या. चपला भाईरच काढा."

चंदनबालाबाई वळनाच्या हो, झटदिशी काढल्या चपला, दोन पावलं आत गेल्या, मग थांबल्या… "अहो, कोण बोललं?" शेट माझ्याकडं बघत्यात, म्या बाळासोकडं, बाळासो मोबाईलकडं… आन गाडी अशी उधळली, चपला हितंच! दुसऱ्या दिशी जाऊन बघतो तर जोड नीट जुळवून ठिवल्याला. तोंडं आतल्या अंगाला. जनू घालनारी अजून आतच हाय.

शेजारच्या रानाचा धनी, गुंडा नावाचा, इळा घिऊन हुबा. "आबा, हाक मारली व्हय? आवं, हितं हरणाबाईचं छप्पर हुतं. हाक मारल्याबिगार कुनाला आत घ्यायची न्हाई, आन मारली की जेवू घातल्याबिगार सोडायची न्हाई. मेली की कवाच. आमी कडंकडंनं मुकाट जातो."

"मग आदी सांगाय काय झालं हुतं रं?"

"तुमी इचारलं कुठं?"

बाळासो तर खवळला. "आबा, हाक मारायची न्हवती! चला माझ्यासंगं, तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई!" गेलो. गपचिप. अगदी मधी जाऊन हुबं ऱ्हायलो. वारं बी पडल्यालं. बाळासो छाती काढून हसला, "बघा! जागा मोक…"

"आज हाक न्हाई मारली?"

त्येच्या कानाशी, आवं! बाळासो फटफटी टाकून पळाला. आता फोन करतो तर लागत न्हाई. दोनीबी.

मग एकलाच गेलो. करनार काय, पोरीचं शिक्षान अडल्यालं! चपला काढल्या, हाक मारली, बसलो, हात जोडलं. म्हनलं, "बाई, घरच्यासारखं सांगतो, नात शिकायची हाय, तेवढं मोकळं करा." मग म्होरची कुसळं हळूच दबली, कोन तरी मांडी घालून बसल्यागत… आन अगदी मायेनं म्हनली,

"मग नातीला हितंच आना की. जागा मोकळी हाय."

उठलो आवं! चपला हातात घिऊन!

घरला आलो, म्हस इकली, सृष्टीला नर्सिंगला घातली. म्हशीला दिस मावळायच्या आत गिऱ्हाईक गावलं… गोठ्यातनं कोन 'बसा' म्हनत न्हाई न्हवं! आन शिवतेज फोनवर इचारतोय, "आबा, प्लॉटचं कुठवर आलं?" काय सांगू लेकराला? हाक मारायची न्हवती म्हनू? पन बाळासोनं शिकवला तसाच धंदा झाला बघा, इमानानं सांगतो…

घेतली म्या. धरली तिनं.

आता इकायची कुनी?