अण्णांची खूण

तुम्हाला त्या खुणेच्या पेनाचं सांगितलं का कधी? मोबाईल यायच्या आधी मी निफाडला एका छोट्या दवाखान्यात सिस्टर होते. चुकीची बाजू कापली जाऊ नये म्हणून आमच्या डॉक्टरांनी नियमच काढला. जिथं ऑपरेशन, तिथं पेशंटनं स्वतः पेनानं खूण करायची आणि भूल द्यायच्या आधी मी परत विचारायचं.

एकदा द्राक्षबागवाले अण्णा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. टेबलावर मी विचारलं, "अण्णा, हर्निया कुठल्या बाजूला?"

"उजव्या."

"मग खूण डावीकडं कशी?"

"छाटणीला जी काडी ठेवायची, तिलाच आम्ही खूण करतो. तिला कात्री लावायची नाय."

डॉक्टर म्हणाले, "म्हणजे एवढी जागा सोडून बाकी सगळं छाटू?"

अण्णा माझ्यापुढं हात करून म्हणाले, "सिस्टर, पेन द्या. लय खुणा राहिल्यात."