आईचा शनिवार

कृष्णनाथ : …केस मोकळे सोडलेले, सांगतो काय. आज दुपारी ट्रकमधून मी स्वतः बघितलं. आपल्या माडांच्या भाटाच्या कडेला, त्या वारुळापाशी मातीत फतकल मारून बसलेली. आधी वाटलं कुणी वेडीबिडी आहे. मग लुगडं ओळखलं.

विनोदिनी : हळू बोला. आई न्हाणीत आहेत, ऐकू जातं.

कृष्णनाथ : जाऊ दे. माझी आई भरदुपारी वारुळापाशी बसून पावाचा उंडो खाते, आणि मी हळू बोलू?

विनोदिनी : नुसता उंडो नाही. आत तळलेला बांगडा असतो. मीच बांधून देते.

कृष्णनाथ : तू?

विनोदिनी : दर बुधवारी.

कृष्णनाथ : आणि मला सांगितलं नाहीस? बायको ना तू माझी?

विनोदिनी : बुधवारी दुपारी तुम्ही घरी असता कधी? विचारलं असतं तर सांगितलं असतं.

सरस्वती : काय विचारायचं ते मला विचार रे. आले मी.

कृष्णनाथ : आई, तू बरी आहेस ना? डोकंबिकं जड होतं का? इब्रामपूरच्या भिकाजीमामाला निरोप धाडतो. तो भूतबाधा बघणाऱ्या घाड्याला घेऊन येईल. काय लागलंय ते तरी कळेल.

सरस्वती : घाडी आला की आधी कोंबडा मागेल. मला काही लागलेलं नाही. बुधवार माझा असतो, एवढंच.

कृष्णनाथ : तुझा म्हणजे?

सरस्वती : माझा म्हणजे माझा. सकाळचं काम उरकलं की भाटात जाते. वारुळाच्या पायथ्याशी तांब्यातलं पाणी सोडते, चार अबोलीची फुलं ठेवते. हद्दीवर राखणदार देव आहे, त्याला एक विडी पेटवून ठेवते.

कृष्णनाथ : विडी. तू पेटवतेस.

सरस्वती : मग काय त्याला काडेपेटी देऊ? नंतर केस सोडते आणि मातीवर हात टेकून बसते. अर्धा उंडो मी खाते, अर्धा मुंग्यांना कुसकरते. ऊन उतरलं की घरी येते.

कृष्णनाथ : कुठल्या भटानं सांगितलं हे?

सरस्वती : कुणी नाय.

कृष्णनाथ : मग सातेरीच्या देवळात जा की. तीच ती देवी. तिथंपण वारूळच आहे. वर मुखवटा आहे, पुजारी आहे, बसायला थंड लादी आहे.

सरस्वती : देवळात पाय ठेवला की माझ्या तोंडातून आपोआप मागणं सुटतं. मुलाचं बरं कर, सुनेचं बरं कर. जन्माची सवय ती. भाटात मी काही मागत नाय.

कृष्णनाथ : काहीच नाही?

सरस्वती : काहीच नाय.

कृष्णनाथ : माझ्यासाठी पण?

सरस्वती : तुझं नावसुद्धा काढत नाय.

कृष्णनाथ : ऐकलंस, विनोदिनी? आई देवापुढं मुलाचं नाव काढत नाही म्हणते.

विनोदिनी : मला सांगितलं तेव्हा मीही अशीच सटपटले होते. दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते.

कृष्णनाथ : बरं, बुधवारी काय करतेस ते कर. पण शनिवार आहे ना माझा? आई, शनिवार विचारतोय मी.

सरस्वती : सोडला.

कृष्णनाथ : काय सोडला?

सरस्वती : उपास. तुझ्यासाठी धरत होते तो. सोमवार, गुरुवार, शुक्रवार, सगळे सोडले.

कृष्णनाथ : कधी?

सरस्वती : तुझे बाबा गेले तेव्हापासून. वर्ष उलटून गेलं.

कृष्णनाथ : विनोदिनी, तुला हेपण माहीत होतं?

विनोदिनी : शनिवारी त्यांना भात मीच वाढते. कसं माहीत नसेल?

कृष्णनाथ : थांबा, मला बसू द्या. म्हणजे वर्षभर मी तो खाणीचा ट्रक कुणाच्या भरवशावर चालवतोय?

सरस्वती : ब्रेकांच्या.

कृष्णनाथ : चेष्टा नको, आई. गेल्या शनिवारी चढणीवर समोरून दुसरा ट्रक आला. आरशाला आरसा घासून गेला. मी हसलो होतो तेव्हा. मला वाटलं, घरी तू उपाशी आहेस.

विनोदिनी : नुसतं वाटत नाही, तसं बोलतासुद्धा तुम्ही. आई, आज सांगूनच टाकते. मला केबिनमध्ये बसवून डिचोलीच्या बाजाराला नेलं होतं ना, तेव्हा ऐन वळणावर यांनी पुढचा ट्रक मागं टाकला. मी डोळे मिटून घेतले. तर म्हणतात, भितेस कशाला, माझी म्हातारी घरी उपाशी बसलीय, आपल्याला काही होत नाही.

सरस्वती : असं म्हणाला?

विनोदिनी : नेहमी म्हणतात. बाकीच्या ड्रायव्हरांनाही ठाऊक आहे.

सरस्वती : कृष्णा, खरं हे?

कृष्णनाथ : जास्त ट्रिपा मारायच्या तर वळणावर थांबून चालत नाही, आई. सगळेच मारतात.

सरस्वती : सगळ्यांचं नको सांगू. म्हणजे मी इथं पोटाला पीळ देऊन बसायची, आणि तू तिथं त्याच जोरावर वळणं मारायचास. आणि मी म्हणायची, मी माझ्या पोराला राखते. गो विनोदिनी, पाणी दे मला.

कृष्णनाथ : राखलंसच की. इतकी वर्षं मला साधं खरचटलं नाही. म्हणून म्हणतो, शनिवार परत धर. आणि हा बुधवार बंद कर. भाटाच्या वाटेला मी उद्याच कुंपण घालतो.

सरस्वती : घाल. खालून वाकून जाईन.

कृष्णनाथ : आई, पाया पडतो तुझ्या.

सरस्वती : पाया नको पडू, ऐक. गोवा मुक्त झाला त्या सालात लग्न होऊन मी या घरात आले. तेव्हापासून सोमवार तुझ्या बाबांचा. त्यांना आयुष्य मिळावं म्हणून. पेजेचं पाणीसुद्धा तोंडात घेतलं नाय. आणि ते गेले कुठल्या वारी?

कृष्णनाथ : सोमवारी.

सरस्वती : सोमवारी, संध्याकाळी. सगळ्या बायका रडत होत्या, आणि मला रडायला अंगात जोर नव्हता. मला नुसती भूक लागली होती. नवरा समोर आडवा, आणि मला भूक. इतकी लाज वाटली मला त्याची. अजून वाटते.

विनोदिनी : आई, हे तुम्ही मलाही सांगितलं नव्हतं.

सरस्वती : कुणाला सांगू? बारावं झालं, त्यानंतर बुधवार आला. तो वार मी कुणाला दिलेला नव्हता. पोदेर पाव घेऊन आला होता. त्याच्याकडून एक उंडो घेतला आणि भाटात गेले. वारुळाला टेकायचं नाय म्हणून बाजूला बसले आणि खाल्ला. पोट भरल्यावर मला रडू आलं. खूप रडले. तिथं कुणी उठ म्हणालं नाय, कुणी गप म्हणालं नाय. ती माती मला आईसारखी वाटली, आणि तिच्याकडे मागायला माझ्याजवळ काही नव्हतं. तेव्हापासून तो दिवस माझा. तो मी कुणाला देणार नाय. तुलासुद्धा नाय.

कृष्णनाथ : मग शनिवार विनोदिनी धरेल.

विनोदिनी : मी नाही धरणार.

कृष्णनाथ : काय?

विनोदिनी : मी उपाशी बसले तर तुम्ही अजून जोरात चालवाल. मला ते पाप नको.

सरस्वती : तुझा ट्रक, तुझा शनिवार. पाहिजे तर तू धर.

कृष्णनाथ : उपाशीपोटी स्टेअरिंग धरू?

सरस्वती : उपाशीपोटी मी माडांना पाणी ओढलं, तुझ्या वेळी बाळंत झाल्यावर महिन्यातच भारे वाहिले. तेव्हा तू मला विचारलं नाहीस.

कृष्णनाथ : मी बाहेर जातो. मला इथं बसवत नाही.

(शनिवार, सकाळ. सासू-सून स्वयंपाकघरात.)

विनोदिनी : आई, हे अजून निघाले नाहीत.

सरस्वती : ट्रक बंद पडला काय?

विनोदिनी : नाही. उजाडल्यापासून ट्रकखाली आडवे पडलेत, अंगभर तेल. ट्रिप चुकेल म्हटलं, तर म्हणाले चुकू दे.

सरस्वती : पोटात काही घातलं त्यानं?

विनोदिनी : चहा घेतला, दोन उंडे खाल्ले. तीन दिवस रुसलेत, पण भूक लागते.

सरस्वती : लागू दे. तुझा कोयता तेवढा इकडे सरकव, नारळ फोडते. आज सोलकढी करूया.

कृष्णनाथ : आई.

सरस्वती : काय रे? ते काळे हात दाराला लावू नको.

कृष्णनाथ : मागच्या चाकाचा ब्रेक पार झिजलेला होता. बघितलाच नव्हता मी. कधीपासून तसाच चालवत होतो, देव जाणे.

सरस्वती : बदललास?

कृष्णनाथ : बदलला. निघतो आता. आज शनिवार.

सरस्वती : ठाऊक आहे मला.

कृष्णनाथ : मी हळू जातो. तू पोटभर जेव.